खेळांच्या जत्रेस प्रथमच जाणाऱ्यास

गेल्या पंधरवड्यात आमच्या धर्मग्रामातील एक शेतकरी गृहस्थ रविवारची मिस्सा आटोपल्यावर सपत्नीक आमच्या दाराशी येऊन उभे राहिले. त्यांचा थोरला मुलगा बँकेचे कर्ज काढून जर्मनीतील आखेन येथे उच्च शिक्षणासाठी गेला आहे. येत्या ऑक्टोबरात एसेन शहरी खेळांची मोठी जत्रा भरणार असून तेथे दोन दिवस जाण्याचा आपला विचार आहे, असे त्याने घरी कळविले होते. "फादर," ते गृहस्थ म्हणाले, "पोरगा तिकडं शिकायला गेलाय की खेळायला?" त्यांच्या पत्नी मागे उभ्या होत्या. त्या हलकेच एवढेच म्हणाल्या की, हल्ली तो फोनवर फारसा बोलतच नाही. खोलीत एकटाच असतो.

आम्ही दोघांस बसवून घेतले व जे ठाऊक होते ते सांगितले. योगायोग असा की, अभ्यासानिमित्त जर्मनीत असताना २०१८ व २०१९ अशी दोन वर्षे आम्ही ही जत्रा स्वतः पाहिली आहे. आज जर्मनीतील परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांची संख्या सर्वांत मोठी आहे, व त्यांत आपल्या खेड्यापाड्यांतील मुलेही आहेत. तेव्हा त्या जोडप्यास जे सांगितले ते इतर घरांसही उपयोगी पडेल, या हेतूने येथे लिहितो.

प्रथम शंका निवारू. पट आणि फासे हे शब्द कानी पडताच आपल्याकडील वडीलधाऱ्या माणसांच्या डोळ्यांपुढे जुगार उभा राहतो. एसेनच्या जत्रेत पैसा लावून खेळण्याचा संबंध नाही. तेथे प्रकाशक आपले नवे खेळ मेजांवर मांडतात, येणाराजाणारा बसून खेळून पाहतो, आवडला तर पेटी विकत घेतो, न आवडला तर आभार मानून उठतो. १९८३ साली एसेनच्या लोकशिक्षण केंद्रात खेळांविषयीच्या एका मासिकाच्या वाचकांचा मेळावा भरला, तीच या जत्रेची सुरुवात. पुढे ती शहराच्या मोठ्या प्रदर्शन-संकुलात गेली. २०१९ साली चार दिवसांत तेथे दोन लाख नऊ हजार लोक येऊन गेले. २०२० साली साथीमुळे दालने बंद राहिली. २०२४ साली गर्दी पुन्हा दोन लाखांवर गेली, व नऊशेहून अधिक प्रकाशक आणि विक्रेते आले होते.

आणि हे सारे आपणांस परके आहे असेही कोणी समजू नये. जर्मनीत घरोघरी एक पट असतो, त्याच्या नावाचा अर्थ 'माणसा, चिडू नकोस' असा होतो. म्युनिकच्या योझेफ फ्रीड्रिश श्मिट या गृहस्थाने १९०७-०८ च्या सुमारास आपल्या मुलांसाठी तो तयार केला व १९१४ पासून त्याचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले. पहिल्या महायुद्धात त्याने आपल्या पटाचे तीन हजार संच सैनिकी रुग्णालयांस धाडले. सैनिक बरे होऊन परतले व पट घरोघर पोचला. हा खेळ म्हणजे आपल्या पचिशीचेच नातवंड होय! इंग्रजांचा लुडोही त्याच कुळातला. आजीच्या कापडी सारीपाटावर कवड्या टाकणाऱ्या घरातील मुलास एसेनमध्ये बिचकण्याचे काही कारण नाही.

मात्र आईबापांनी एक गोष्ट मुलास आधी विचारून घ्यावी : जत्रा कोणती? जर्मनीत खेळांच्या दोन मोठ्या जत्रा आहेत. ऑगस्टात कोलोन येथे भरणारी 'गेम्सकॉम' ही संगणकावरील खेळांची. तिचा लोंढा याहूनही मोठा असतो, नावाजलेला नवा खेळ काही मिनिटे खेळण्यासाठी तासन् तास रांगेत तिष्ठावे लागते, आणि वयानुसार वेगवेगळ्या रंगांचे पट्टे मनगटास बांधतात, कारण काही खेळ लहानांनी पाहण्याजोगे नसतात. एसेनची 'श्पील' ही पट, पत्ते, फासे व सोंगट्या यांची. तेथे माणूस माणसासमोर बसतो. आमचे पुढील सर्व सांगणे या दुसऱ्या जत्रेविषयी आहे.

आता आमची फजिती सांगतो, म्हणजे पुढील सूचना कोठून आल्या ते कळेल. पहिल्या वर्षी आम्ही शनिवारी गेलो. शनिवार हा सर्वांत गर्दीचा दिवस, हे आम्हांस कोणी सांगितले नव्हते. पायांत नवे चामडी बूट होते. आत शिरताच पहिल्या अर्ध्या तासात एक भली मोठी पेटी स्वस्त वाटली म्हणून घेतली व दिवसभर ती काखेत मारून हिंडलो. दालनामागून दालने ओलांडीत होतो. प्रत्येक मेज भरलेले. लोक हसत होते, वाद घालीत होते, आम्ही मात्र त्यांच्या खांद्यावरून डोकावून पुढे सरकत होतो. दुपारचे चार वाजले तरी एकाही मेजावर आम्ही बसलो नव्हतो. दोन लाखांच्या जत्रेत माणूस किती एकटा पडू शकतो, हे त्या दिवशी आम्हांस चांगलेच कळले. परत जावे असे ठरवून पेटी खाली ठेवली, तोच शेजारच्या मेजावरील एका आजीबाईंनी हाताने खूण केली. त्यांच्यासोबत दोन नातवंडे होती, खेळ चौघांचा होता आणि चौथा गडी त्यांस मिळत नव्हता. आमचे जर्मन ऐकून धाकटा नातू मनमुराद हसला व त्याने नियम पुन्हा सावकाश सांगितले. आम्ही सर्वांत शेवटी आलो. उठताना आजीबाईंनी विचारले, "सकाळपासून कोठे होता?" काय उत्तर देणार? डोकावीत होतो, झाले.

जत्रेत एकटा मनुष्य ओझे होत नाही, हे आम्ही त्या दिवशी शिकलो. पाच मित्रांच्या टोळक्यास एकत्र जागा मिळणे कठीण. एकट्यास मात्र कोठे ना कोठे रिकामी खुर्ची असतेच, कारण कोणत्या तरी मेजावर एक गडी कमी पडलेला असतो. फक्त तोंड उघडून 'मी बसू का?' असे विचारावे लागते. पहिल्यांदा विचारताना जीभ जड होते. दुसऱ्यांदा तितकी नाही. इंग्रजी तेथे सर्वत्र चालते, आणि नियम समजावून देण्यासाठी प्रकाशकांनी माणसे नेमलेली असतात. त्यांस काहीही विचारण्यात कमीपणा नाही. परंतु खेळणाऱ्यांच्या पाठीशी नुसते ताटकळत राहू नये. 'आपला डाव किती वेळ चालेल?' असे विचारावे, वीस मिनिटे म्हणाले तर वीस मिनिटांनी यावे. आपला डाव संपला की सोंगट्या आवरून चटकन उठावे. दुसरा कोणी तसाच ताटकळत असेल. मध्येच डाव मोडून निघणे मात्र असभ्यपणाचे. तेवढा वेळ हाताशी नसेल तर बसूच नये.

सर्व काही पाहीन, हा हट्ट पहिल्याच दिवशी सोडून द्यावा. खेळांची यादी व दालनांचा नकाशा जत्रेपूर्वीच प्रसिद्ध होतो. त्यावरून पाच-सहा खेळ हेरून त्यांच्या जागा कागदावर लिहून न्याव्यात. त्यांतील तीन खेळून झाले तरी दिवस सार्थकी लागला असे समजावे. नवख्याने काय निवडावे? जर्मनीत १९७९ पासून दरवर्षी एका खेळास वर्षातील उत्तम खेळ म्हणून मान देतात, व त्याच्या पेटीवर लाल सोंगटीची खूण असते. १९९५ साली क्लाउस टॉयबर यांच्या 'कातान'ने हाच मान मिळविला व पुढे तो जगभर गेला. लाल सोंगटीचे खेळ घरातील सर्वांनी बसून खेळण्याजोगे असतात. निळ्या सोंगटीचे लहान मुलांसाठी, आणि काळपट सोंगटीचे मुरलेल्या खेळाडूंसाठी; या शेवटल्यांपासून पहिल्या दिवशी दूरच राहिलेले बरे. पेटीवर खेळणाऱ्यांची संख्या, वय व लागणारी मिनिटे छापलेली असतात. मिनिटांच्या आकड्यावर फारसा विश्वास ठेवू नये, नवख्यास त्याच्या दुप्पट लागतात.

तिकीट आधीच काढून ठेवावे. दारावर मिळेल या भरवशावर गेलेल्यास परत फिरावे लागण्याचा संभव आहे, विशेषतः शनिवारी. जत्रा गुरुवारी सुरू होते. गुरुवार वा शुक्रवार साधता आला तर उत्तम. पहिले तीन दिवस ती सकाळी दहा ते सायंकाळी सात, रविवारी सहापर्यंत चालते. एसेनच्या मुख्य स्थानकाखालूनच भुयारी गाडी सुटते व काही मिनिटांत संकुलाशी नेऊन सोडते. त्या चार दिवसांत एसेनमधील खोल्यांचे भाडे गगनास भिडते, म्हणून जाणते लोक ड्युइसबुर्ग, बोखुम किंवा ड्युसेलडोर्फ येथे उतरून रोज गाडीने येतात. आखेनहून तर थेट गाडी आहे, पावणेदोन तासांच्या आसपास लागतात. विद्यार्थ्याकडे बहुधा सत्राचे रेल्वे तिकीट असतेच. त्याने खोलीवर पैसा घालवूच नये, रात्री घरी परतावे.

पैशाविषयी थोडे स्पष्ट बोलले पाहिजे, कारण त्या गृहस्थांची खरी काळजी तीच होती. जर्मनीस जाणाऱ्या विद्यार्थ्यास निर्वाहाची तरतूद बँकेत आगाऊ दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती महिन्यास ९९२ युरो अशी ठरली. खोलीभाडे, विमा, जेवण सर्व त्यातच. एका चांगल्या पेटीची किंमत सहज चाळीस-पन्नास युरो असते, म्हणजे महिन्याच्या पोटगीचा विसावा हिस्सा! आणि पेट्यांचे ढीग व घेणाऱ्यांची झुंबड पाहून हात आपोआप खिशाकडे जातो. यास्तव खर्चाची रक्कम घरूनच रोख स्वरूपात एका लखोट्यात घालून न्यावी, व तो रिकामा झाला की खरेदी संपली असे समजावे. लहान विक्रेते रोख पैसा आनंदाने घेतात. स्वतः खेळून पाहिल्यावाचून काही घेऊ नये, आणि दुपारपूर्वी तर नाहीच. मोठ्या प्रकाशकांचा खेळ पुढील महिन्यात कोणत्याही दुकानात मिळतो. एखाद्या छोट्या परदेशी प्रकाशकाने आणलेल्या मोजक्या पेट्या मात्र पहिल्या दोन दिवसांतच संपतात. तेवढा अपवाद करावा. पेट्या जड असतात. विमानाने घरी येताना सामानाच्या वजनाला मर्यादा असते, हेही ध्यानी ठेवावे.

शरीराची हेळसांड करू नये. अमेरिकेत १९६८ पासून भरणाऱ्या 'जेन कॉन' नामक जत्रेच्या खेळाडूंत एक नियम रूढ आहे : दिवसास निदान सहा तास झोप, दोन जेवणे व एक स्नान. (झोपेचे तास कोणी पाचही सांगतात, स्नानाबाबत मात्र सर्वांचे एकमत आहे, आणि गर्दीच्या दालनात दुपारी उभे राहिल्यावर त्याचे कारण कळते.) जुने, पायांस सरावलेले बूट घालावेत. ऑक्टोबरात बाहेर गारठा व आत उकाडा असतो, म्हणून एकावर एक सहज काढता येतील असे कपडे असावेत. आत खाणे महाग पडते. पाव, फळे व पाण्याची बाटली पाठपिशवीत न्यावी. हजारो हातांतून गेलेले पत्ते आपण हाताळतो, तेव्हा खाण्यापूर्वी हात धुवावेत. जत्रेहून सर्दीताप घेऊन परतणाऱ्यांची संख्या मोठी असते. पहिल्या वर्षी आम्हीही त्यांत होतो.

रविवारी जाणाऱ्याने मिस्सा चुकविण्याचे कारण नाही. एसेनचे प्रधानमंदिर स्थानकापासून पायी थोड्याच अंतरावर आहे. सकाळची मिस्सा करून मग संकुलाकडे जाता येते. तेथील सोन्याने मढविलेली पवित्र मरियेची मूर्ती हजार वर्षांहून जुनी आहे, तीही पाहून घ्यावी.

एवढे सर्व त्या दांपत्याने शांतपणे ऐकून घेतले. मातोश्रींनी एकच प्रश्न केला : "तो विचारील का हो, 'मी बसू का' म्हणून? लाजाळू आहे." आम्ही म्हणालो, पहिल्या तासात विचारणार नाही, दुपारपर्यंत विचारील. आणि जर्मन भाषेत ते कसे विचारावे हे कागदावर लिहून दिले. तो ते जाणत असणारच, परंतु आईच्या हातून आलेला कागद वेगळा. वडिलांनी मग लखोट्यात किती रक्कम घालण्यास सांगावे ते विचारले. तिकीट वगळून साठ युरो, असे आम्ही सुचविले. ते थोडा वेळ बोटांवर हिशेब करीत बसले आणि पन्नासावर थांबले.