चेनची ढील : किती आणि कशासाठी?

आपल्या बहुतेक घरांत मोटारसायकल हे एकट्याचे नव्हे, साऱ्या कुटुंबाचे वाहन असते. सकाळी मुलांची शाळा, मग कामधंदा, संध्याकाळी अम्मीला दवाखान्यात नेणे. पेट्रोल आणि हवा आपण आठवणीने पाहतो. चेनकडे मात्र ती खडखडू लागल्यावरच लक्ष जाते.

चेनच्या पिना व बुश झिजतात, तशी ती लांबते आणि ढिली पडते. फार ढिली चेन कव्हरवर आपटते, गाडी झटके देते. ती दात्यांवरून उतरून अडकली, तर मागचे चाक जागच्या जागी थांबू शकते. मागे घरची माणसे बसलेली असताना असे झाले तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

म्हणून काही जण चेन तारेसारखी ताणून घेतात. तेही चूकच. गाडीवर माणसे बसली की मागचे शॉक-अॅब्सॉर्बर दबतात आणि चेन आणखी ताणली जाते. थोडी ढील नसेल तर चेन, स्प्रॉकेट आणि बेअरिंग लवकर खराब होतात. १०० ते १२५ सीसीच्या बऱ्याच गाड्यांत ही ढील साधारण २० ते ३० मिलिमीटर असते. नेमका आकडा आणि मोजण्याची पद्धत आपल्या गाडीच्या पुस्तिकेत पाहावी.

तपासणी सोपी आहे. गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर लावा, इंजिन बंद करा, गिअर न्यूट्रलवर ठेवा. दोन्ही स्प्रॉकेटच्या मधोमध चेन बोटाने खाली-वर करा आणि ती एकूण किती हलते ते पट्टीने मोजा. चेन पूर्ण झाकलेली असेल तर कव्हरचे रबरी बूच काढून पाहता येते. चाक हाताने थोडे थोडे फिरवून तीन-चार ठिकाणी मोजा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. जिथे ती सर्वांत घट्ट लागेल, तिथले माप धरा.

ढील जास्त असेल तर मागच्या अॅक्सलचा नट सैल करा. मग दोन्ही बाजूंचे अॅडजस्टर सारखेच फिरवा. डावीकडे अर्धा फेरा दिला तर उजवीकडेही अर्धाच. दोन्हीकडच्या खुणा जुळल्या पाहिजेत, नाहीतर चाक तिरके बसते. शेवटी अॅक्सलचा नट पक्का आवळा, त्यात पिन असेल तर ती बसवा, आणि ढील पुन्हा मोजा. नट आवळताना माप बदलू शकते.

एक गोष्ट बरेच जण विसरतात. चाक मागे सरकले की ड्रम ब्रेकचा रॉडही ताणला जातो. म्हणून ब्रेकच्या पेडलची ढील तपासा, चाक मोकळे फिरते ना ते पाहा, आणि मगच गाडी रस्त्यावर काढा. पुरेसे पाने नसतील किंवा खात्री वाटत नसेल, तर हे काम मेकॅनिककडून करून घ्यावे. ढील मात्र स्वतः मोजून पाहावी.

मागच्या स्प्रॉकेटवरची चेन मागे ओढल्यावर दात्यांपासून चांगलीच सुटत असेल, किंवा दाते आकड्यासारखे वाकले असतील, तर ताणून उपयोग नाही. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदलावीत. तेल देतानाही इंजिन बंदच हवे. गिअरमध्ये फिरत्या चेनला फडके लावणे म्हणजे बोटे गमावणे.

घरातल्या तरुणांना आणखी एक सांगावेसे वाटते. शोभेसाठी चेनचे कव्हर किंवा चाकाची जाळी काढू नका. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागचे निम्मे चाक तरी झाकणारे संरक्षण असावे, असे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतच म्हटले आहे. ओढणी, बुरखा, साडी यांचे टोक चाकात किंवा चेनमध्ये जायला क्षणही पुरतो. निघण्यापूर्वी मागच्या सवारीचे कपडे आवरलेले आहेत का, हे चालवणाऱ्यानेच पाहावे.

महिन्यातून दोनदा दहा मिनिटे काढली तर हे सारे होते. लेकराला शेजारी बसवून केले, तर तोही शिकेल.