पालखीच्या वाटेवर मॅरेथॉन

सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ मध्ये सुरू झाली. यवतेश्वरचा घाट चढायला आता देशभरातून धावक येतात आणि घरी गेल्यावर घाटाइतकेच बोलतात ते रस्त्याच्या कडेला टाळ्या वाजवत उभ्या असलेल्या सातारकरांबद्दल. आपल्यातले बरेच आयोजक तिथून ढोल-ताशा आणि फेटे तेवढे उचलतात. पण ती शर्यत गावाला आपली वाटते, हे उचलायचे राहून जाते.

मराठवाड्यात अशी शर्यत भरवायची तर आम्ही परभणी जिल्हा सुचवू. धावणे या जिल्ह्याला नवे नाही. परभणीच्या ज्योती गवते २०१७ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिल्या आल्या होत्या. आमचे खरे कारण मात्र वेगळे आहे. शेगावहून पंढरपूरला निघालेली गजानन महाराजांची पालखी परभणी, दैठणा, गंगाखेड अशी जाते. पाणी कुठे ठेवायचे, फराळ कुठे मांडायचा, दमलेल्या माणसाला सावलीत कसे बसवायचे, हे या वाटेवरच्या गावांना कुठल्याही इव्हेंट कंपनीपेक्षा चांगले कळते. परभणी ते गंगाखेड सुमारे ४० किलोमीटर, दैठणा मध्ये. शेवट गोदाकाठी, जनाबाईंच्या गावात!

वारकरी घटकाभर टेकतो, धावक थांबत नाही. एवढा फरक गावकऱ्यांना आधी करून दाखवा. पेला अर्धाच भरायचा, काठाला दोन बोटांनी धरून हात लांब करायचा, म्हणजे पळता पळता उचलता येतो. टेबल उताराच्या पायथ्याशी नको. केळी सालीसकट अर्धी करून ठेवायची. हलगीवाल्यांना मानधन द्या आणि सुरुवातीच्या गर्दीत नव्हे, तिसाव्या किलोमीटरच्या पुढे उभे करा. पाय तिथे जड होतात. सर्वांत महत्त्वाचे, शेवटचा धावक गेल्याशिवाय टेबल हलवायचे नाही. चढत्या उन्हात मागून येणाऱ्याला कोरडे टेबल दिसणे हा आयोजकाचा अपराध आहे.

तारीख पौषातली धरा. थंडी असते, हुरडा असतो. इथल्या कृषी विद्यापीठाने खास हुरड्यासाठी ‘परभणी वसंत’ हे ज्वारीचे वाण दिले आहे. मैदानावर आगटी पेटवा, गरम हुरड्याबरोबर शेंगदाण्याची चटणी आणि गूळ द्या. पाहुण्याला हे दुसरीकडे कुठे मिळणार?

अडचण उसाच्या गाड्यांची. त्या दिवसांत या भागातल्या रस्त्यांवर ऊस वाहतूक जोरात असते. म्हणून गळीत हंगामाच्या आधीच, दसऱ्याच्या आत, कारखाने, पोलीस आणि ग्रामपंचायती यांना एकत्र बसवा. रस्ता किती तास बंद राहील ते लेखी ठरवून घ्या आणि मगच नोंदणी उघडा.