मुक्तस्रोत: गायरान कोणाचे, चराई कोणाची?

जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने रशियाविरुद्धच्या निर्बंधांच्या यादीत नायरा एनर्जी या कंपनीचे नाव घातले. गुजरातमधील वाडीनारचा तेलशुद्धीकरण कारखाना ही कंपनी चालविते. निर्बंधांपाठोपाठ मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबविल्या. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठावावे लागले आणि त्यानंतर सेवा पूर्ववत झाल्या. नायरामध्ये रशियाच्या रोसनेफ्टचा सुमारे ४९ टक्के वाटा आहे. तिच्याविषयी कळवळा बाळगण्याचे समाजवाद्यांना काही कारण नाही. परंतु भारतीय भूमीवरील एका प्रचंड उद्योगाचे दप्तर परदेशातील निर्णयाने रातोरात कुलूपबंद होऊ शकते, हे या प्रकरणाने उघड केले. संगणकाच्या आज्ञावलीचा परवाना म्हणजे मालकी नव्हे. ती निव्वळ भाडेकरूची वहिवाट आहे.

या वहिवाटीला पर्याय म्हणून मुक्तस्रोत आज्ञावलीचे नाव वारंवार घेतले जाते. तिचे स्वरूप प्रथम नीट समजून घेतले पाहिजे. आज्ञावली माणूस लिहितो ती त्याला वाचता येईल अशा मूळ संहितेच्या रूपात. मक्तेदार कंपन्या ही संहिता दडवून ठेवतात आणि ग्राहकाला केवळ यंत्राला कळणारे रूप देतात. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये या प्रथेविरुद्ध मोहीम सुरू केली. कोणीही आज्ञावली वापरावी, तपासावी, बदलावी आणि इतरांना द्यावी. मात्र बदललेली आज्ञावली पुढे देणाऱ्याने तिची संहिताही त्याच अटींवर खुली केली पाहिजे, असा परवाना त्यांनी १९८९ मध्ये सिद्ध केला. खाजगी मालकीच्या रक्षणासाठी केलेला कॉपीराइटचा कायदा येथे सामायिक मालकीच्या रक्षणासाठी राबविला गेला. १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्‌स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला. ‘ओपन सोर्स’ हा शब्द मात्र १९९८ चा आहे. स्वातंत्र्याची भाषा व्यापाऱ्यांना बिचकविते म्हणून ती बाजूला ठेवून सोयीची भाषा पुढे करण्यात आली.

भांडवलाने ती सोय ओळखली. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली होती. त्याच मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये मुक्तस्रोत कार्याचे मुख्य केंद्र बनलेले गिटहब ७५० कोटी डॉलरना विकत घेतले. लिनक्सची देखभाल व सेवा पुरविणारी रेड हॅट ही कंपनी आयबीएमने २०१९ मध्ये ३,४०० कोटी डॉलर मोजून ताब्यात घेतली. यात हृदयपरिवर्तन काही नाही. ज्या पायाभूत आज्ञावली सर्वच उद्योगांना लागतात, त्या प्रत्येकाने वेगळ्या लिहिण्यात कोणाचाही फायदा नाही. त्या सामायिक ठेवून नफा सेवेतून, यंत्रांच्या भाड्यातून आणि ग्राहकांच्या माहितीतून मिळवावा, हा शुद्ध हिशेब आहे. हार्वर्डशी संबंधित अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये मांडलेला अंदाज बोलका आहे. सर्वत्र वापरात असलेली मुक्तस्रोत संहिता एकदाच नव्याने लिहावयाची तर सुमारे ४१५ कोटी डॉलर लागतील. प्रत्येक कंपनीला ती आपापली लिहावी लागली असती तर खर्च ८.८ लाख कोटी डॉलरवर गेला असता. या दोन आकड्यांमधील अंतर ही सामुदायिक श्रमाने जगाच्या उद्योगाला दिलेली देणगी आहे.

या श्रमाचे रक्षण कोण करतो? सामायिक कुरण अखेर उजाड होते, असे गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये प्रतिपादन केले. नियम स्वतः ठरविणाऱ्या आणि पाळणाऱ्या गावांनी कुरणे व पाणी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी दाखवून दिले आणि २००९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज्ञावलीचे गवत चरल्याने संपत नाही, हे खरे. येथे संपतो तो राखणदार. २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधील दोषाने जगभरचे व्यवहार धोक्यात आले, तेव्हा तिची देखभाल मूठभर माणसे तुटपुंज्या देणग्यांवर करीत असल्याचे जगाला कळले. २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या छोट्या आज्ञावलीत चोरवाट आढळली. थकलेल्या एकट्या स्वयंसेवकाचा विश्वास दीर्घकाळ संपादन करून कोणीतरी ती पेरली होती. चरणारे अब्जाधीश आणि राखणारा बिनपगारी, अशी ही व्यवस्था आहे.

म्हणूनच मुक्तस्रोत म्हणजे समाजवादाची पहाट, हे मत भाबडे ठरते. संहिता सर्वांची झाली तरी ती जेथे चालते ती प्रचंड यंत्रागारे खाजगीच राहतात. नायराने मुक्त आज्ञावली दुसऱ्याच्या यंत्रावर चालविली असती तर कुलपाची किल्ली तरीही परक्याच्याच हाती राहिली असती. उलट, हा अमेरिकन कंपन्यांचा घरगुती मामला आहे, असे म्हणून पाठ फिरविणे ही तितकीच मोठी चूक होय. उत्पादनाचे एक महत्त्वाचे साधन कायद्याने सर्वांसाठी खुले असताना ते हाती न घेणे हा राजकीय आळस आहे.

केरळने आपल्या सरकारी शाळांतून मुक्त आज्ञावली रुजवून वाट दाखविली. केंद्र सरकारनेही २०१५ मध्ये मुक्तस्रोताला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले; कसोटी अंमलबजावणीची आहे. महाराष्ट्राला तर सहकाराची परंपरा आहे. पतसंस्था, दूध संघ, साखर कारखाने यांनी आपापल्या विक्रेत्याच्या दावणीला बांधून घेण्याऐवजी जिल्हावार एकत्र यावे, हिशेबाची मुक्त आज्ञावली स्वीकारावी आणि तिच्या देखभालीसाठी सामायिक पगारावर अभियंते नेमावेत. ईआरपीनेक्स्टसारखी उद्योगव्यवहाराची मुक्त आज्ञावली मुंबईतच घडली आहे. मुक्त म्हणजे फुकट नव्हे, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे: जुनी माहिती नव्या आज्ञावलीत आणणे, कर्मचाऱ्यांना शिकविणे, देखभाल करणे यांना पैसा लागतो. पण तो पैसा परवान्याच्या भाड्यात न जाता येथल्या श्रमिकाच्या हाती आणि कौशल्यात राहतो.

तेव्हा मागण्या तीन असाव्यात. जनतेच्या पैशातून लिहिलेली संहिता जनतेसाठी खुली झाली पाहिजे. सरकारी व सहकारी दप्तरे परकीय कुलपाखाली राहता कामा नयेत. आणि मुक्तस्रोतावर नफा कमावणाऱ्यांनी व तो वापरणाऱ्या शासनाने त्याच्या राखणदारांचे वेतन दिले पाहिजे; जर्मनीने २०२२ पासून सरकारी निधीतून असे अर्थसाहाय्य सुरू केले आहे. गायरान सर्वांचे असते, पण राखणीची जबाबदारी कोणीच घेतली नाही तर त्यावर धनदांडग्यांचे अतिक्रमण होते, हे ग्रामीण कार्यकर्त्याला कोणत्याही अर्थशास्त्रज्ञापेक्षा अधिक ठाऊक आहे.