धोंड्याचा महिना, दरवर्षी

माझं गणित कच्चं आहे, याबद्दल आमच्या घरात एकमत आहे. मी बी.कॉम. आहे आणि गेली बावीस वर्षं बँकेत नोटा मोजतो आहे, या दोन्ही गोष्टी सौ.च्या मते पुरावा म्हणून ग्राह्य नाहीत. "दुसऱ्याचे पैसे कुणालाही मोजता येतात, स्वतःचे मोजून दाखवा," असं ती म्हणते. तरीसुद्धा एक हिशेब मला लहानपणापासून पक्का येतो. महिन्याचे दिवस! गुरुजींनी ते मुठीवर शिकवले होते. उंचवटा आला की एकतीस, खळगा आला की तीस, आणि फेब्रुवारीच्या नशिबी खळग्यातही अठ्ठावीस.

मुठीवरची ही विद्या मागे एकदा धाराशिवच्या एका मोबाइलच्या दुकानात धुळीला मिळाली.

"एक महिन्याचं रिचार्ज मार रे," मी दुकानातल्या पोराला म्हणालो.

"मारलं काका. अठ्ठावीस दिवस."

"अरे, मी महिन्याचं म्हणालो."

"महिन्याचंच मारलं की!"

"हा काय फेब्रुवारी आहे?"

"काका," तो माझ्याकडे दयार्द्र नजरेनं पाहत म्हणाला, "मोबाइलमध्ये बाराही महिने फेब्रुवारीच असतो."

घरी येऊन मी कागद-पेन्सिल घेतली. पोरगा चुकला होता. बारा नव्हे, तेरा! तीनशे पासष्टला अठ्ठाविसानं भागा, तेरा येतात आणि वर एक दिवस उरतो. म्हणजे वर्षाला बारा पगार घेणारा माणूस तेरा रिचार्ज मारतो. आपल्या पंचांगातही तेरावा महिना आहे, पण तो साधारण तीन वर्षांतून एकदा येतो. आपण त्याला धोंड्याचा महिना म्हणतो, जावयाला बोलावून धोंडे खाऊ घालतो. फोन कंपनीचा धोंड्याचा महिना दरवर्षी येतो, जावई कायमचा ठरलेला असतो आणि धोंडा आपल्या पायावर पडतो.

पोप ग्रेगरीनं १५८२ साली कॅलेंडरातले दहा दिवस गाळले, पण एकदाच. तो निदान पोप होता. आमच्या उस्मानाबादचं धाराशिव व्हायचं तर हरकती मागवल्या, सुनावण्या झाल्या, २०२३ मध्ये राजपत्र निघालं आणि मग कुठे आमच्या शाखेचे शिक्के बदलले. जिल्ह्याचं नाव बदलायला एवढा खटाटोप, आणि महिन्याचे दोन-तीन दिवस खायला साधी दवंडीसुद्धा नाही? बरं, ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामकानं, २०२२ साली सांगून ठेवलंय की प्रत्येक कंपनीनं किमान एक पॅक तीस दिवसांचा आणि एक दर महिन्याला त्याच तारखेला येणारा ठेवावा. मी पोराला विचारलं. "तसला कुणी घेत नाही काका," तो म्हणाला. कसा घेतील? तो दाखवतो कोण?

आता तुम्ही म्हणाल, महागाई भत्ता घेणाऱ्या माणसानं दोन दिवसांसाठी एवढं रडू नये. कबूल. माझ्या घरी वायफाय आहे, फोन बंद पडला तरी सौ.चा आवाज सगळ्या खोल्यांत पोहोचतो. माझं भांडण माझ्यासाठी नाहीच. ते कुणासाठी आहे, हे मला सातासमुद्रापलीकडच्या मेहुण्यामुळे कळलं.

मेहुणा अमेरिकेत असतो. परवा फोनवर सांगत होता, तिथली काही माणसं निवृत्त झाली की घर विकतात आणि चाकांवरचं घर घेतात. आर.व्ही. म्हणतात त्याला. त्यात पलंग, शेगडी, न्हाणीघर, सगळं. वर्षभर या गावाहून त्या गावाला. "पण भाऊजी, बिचाऱ्यांचे फार हाल," तो म्हणाला. "मोबाइलच्या इंटरनेटचे दर सारखे वाढतात. फिरत्या माणसाचं सगळं त्यावरच असतं ना! डॉक्टर, बँक, नातवंडं, सगळं." सौ.नं तिकडच्या बिचाऱ्यांसाठी इकडे सुस्कारा सोडला.

मी म्हणालो, "अहो, चाकांवरची घरं आपल्याकडेही आहेत. फक्त त्यांना बैल लागतात."

भूम, वाशी, कळंब, परंडा या भागात दसरा-दिवाळीच्या सुमाराला रस्त्याला उभं राहून पाहा. टायरगाडीवर सगळा संसार बांधलेला असतो. भांडी, चूल, गोधड्या, कोंबड्या, एखादं लेकरू आणि त्याला धरून बसलेली म्हातारी. आता ट्रक-ट्रॅक्टरही भरून जातात. ही माणसं ऊस तोडायला कोल्हापूर, सांगलीकडे जातात, कर्नाटकात जातात. फडाशेजारी कोपी घालून सहा महिने राहतात आणि पाडव्याच्या आगेमागे परत येतात. नवरा-बायको मिळून होतो 'एक कोयता'. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि हंगामभर ती फेडायची. अमेरिकेतला माणूस घर विकून फिरतो, आमचा माणूस घर राहावं म्हणून फिरतो. इंटरनेटची तक्रार मात्र दोघांची एकच! फरक इतकाच की तिकडच्याची ऐकायला माझा मेहुणा असतो.

आता बी.कॉम.चा हिशेब ऐका. २०१८ च्या अखेरीला खासगी कंपन्यांनी फर्मान काढलं की नंबर चालू ठेवायचा तर दर अठ्ठावीस दिवसांना किमान पस्तीस रुपयांचं रिचार्ज हवं. त्याआधी 'लाइफटाइम' कार्डं होती. २००५-०६ च्या सुमाराला लोकांनी हजारेक रुपये मोजून ती घेतली होती. लाइफटाइम ग्राहकाचं नव्हे, योजनेचं होतं, हे नंतर कळलं. पुढे पस्तीसचे २०२१ मध्ये काही ठिकाणी ९९ झाले. मग ३ आणि ४ जुलै २०२४ ला तिन्ही खासगी कंपन्यांनी एका दिवसाच्या अंतरानं दर वाढवले. दोघींच्या अठ्ठावीस दिवसांच्या साध्या पॅकचे १७९ चे १९९ झाले, तिसरीच्या १५५ चे १८९. पस्तीसच्या पॅकमध्ये बोलणं मोजून मापून होतं आणि आता ते अमर्याद आहे, हे मान्य. पण ज्याला दिवसातून दोनदा "जेवलीस का?" एवढंच विचारायचंय, त्यानं अमर्याद बोलायचं तरी कुणाशी?

त्याच वर्षी जानेवारीत ऊसतोडीचे दर ३४ टक्क्यांनी वाढवायचं ठरलं. टनाला २७३ रुपये होते, त्याचे ३६६ झाले, तीन वर्षांसाठी. आनंद आहे. आता १९९ भागिले ३६६ करा. एका रिचार्जला ५४४ किलो ऊस! तो तोडायचा, साळायचा, मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवायचा. वर्षाची तेरा रिचार्ज म्हणजे सात टन. तेराव्या, त्या धोंड्याच्या महिन्याचे ५४४ किलो यातच आले. आपण दुकानात उभ्या-उभ्या बोट टेकवतो, तिकडे अर्धा टन ऊस आडवा होतो.

"मग नका मारू रिचार्ज," असं सुचवणारे सद्गृहस्थ आमच्या कट्ट्यावर आहेत. त्यांनी एक दिवस माझ्या काउंटरवर बसावं. खात्यात पैसे आले की मेसेज नंबरवर, पैसे काढायचे तर ओटीपी नंबरवर, सरकारी योजनेचं ई-केवायसी करायचं तर आधारला जोडलेल्या नंबरवर. ज्याचा पत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो, त्याचा नंबर हाच पत्ता. मागे आमच्या एका खातेदाराचा बंद पडलेला नंबर कंपनीनं पुढे भलत्याच माणसाला दिला. तो सज्जन शाखेत फोन करून म्हणाला, "साहेब, तुमच्या बँकेचे पैसे जमा झाल्याचे मेसेज मला येतात. पैसे कधी येतात?"

त्या दिवशी आम्ही सगळे हसलो. पण गेल्या मे महिन्यात वाशीकडचा एक गाडीवान नंबर बदलायचा फॉर्म घेऊन आला, तेव्हा हसू आलं नाही.

"जुन्या नंबराला काय झालं, दादा?" मी विचारलं.

"मेला त्यो, सायेब."

हकिकत अशी. जानेवारीत कोल्हापूरकडे फडावर असताना त्याच्या बैलाचा पाय मुरगळला, कामाचे पाच-सहा दिवस बुडाले. रिचार्ज संपलं. बैलाचं औषध की फोनचं रिचार्ज? माणूस बैलाचं औषध आणतो. आधी जाणारे फोन थांबले, मग काही दिवसांनी येणारेही. दहा वर्षांची पोरगी गावाकडे आजीजवळ शाळेला ठेवलेली. तिला ताप भरला, दवाखान्यात नेलं. आजी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या फोनवरून तीन दिवस लावत होती आणि पलीकडून एक बाई गोड आवाजात सांगत होती की, हा नंबर सेवेत नाही. शेवटी मुकादमाच्या फोनवर निरोप लागला.

"पोरगी वाचली, सायेब. देवीची कृपा. पर अजून इचारती, आप्पा, फोन का उचलला न्हाईस?"

मी फॉर्म घेतला, शिक्का मारला. माझ्याकडे तेवढंच होतं.

कंपन्यांचं म्हणणंही ऐकून घेऊ. त्या म्हणतात, जगात सर्वांत स्वस्त डेटा मिळणाऱ्या देशांत भारत आहे. खरं आहे. टॉवर, स्पेक्ट्रम, फाइव्ह-जी यांना पैसा लागतो, तेही खरं. पण स्वस्त काय, तर पंगतीचं ताट. मागणाऱ्याला हवी आहे एक भाकरी. आमचा एस.टी.चा कंडक्टर सुट्ट्या पैशांवरून कितीही भांडो, तुळजापूरचं तिकीट मागणाऱ्याला "मुंबईचं किलोमीटरमागे स्वस्त पडतं" म्हणून मुंबईचं फाडून देत नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं सांगितलं की डेटा नको असणाऱ्याला नुसत्या बोलण्याचा आणि मेसेजचा पॅक द्या. जानेवारी २०२५ मध्ये कंपन्यांनी ते आणले. चौऱ्याऐंशी दिवसांना साडेचारशेच्या आसपास, वर्षाला साडेसतराशेच्या पुढे. ताटातून भाजी, वरण, भात काढून घेतला आणि भाकरी दिली, पण तीनदा जेवायचे पैसे आधी मोजा म्हणाले! आणि डेटा अगदीच नको असंही नाही. कोपीतल्या आईला पोरीचं तोंड बघायला तो लागतोच की.

हे लिहिताना मी माझ्या धंद्याकडे डोळेझाक करतो आहे असं समजू नका. खात्यात पैसे कमी आहेत म्हणून त्यातले आणखी कापायचे, ही युक्ती आम्हा बँकवाल्यांची. वर्षानुवर्षं मिनिमम बॅलन्सचा दंड आम्ही अशाच माणसांकडून घेतला. अलीकडे काही बँकांनी तो सोडला. बँकेला लाज वाटू शकते, तर फोन कंपनीला वाटायला हरकत नसावी.

माझं मागणं फार नाही. एक, महिना मुठीवर मोजा. दोन, ज्याला नंबर जिवंत ठेवायचाय त्याला थोडं बोलणं, ओटीपी आणि चिमूटभर डेटा असा लहान, हंगामभर पुरणारा पॅक द्या. तीन, पैसे संपले तर जाणारा फोन तोडा, येणारा तोडू नका. आजीच्या फोनचे पैसे आजीनं भरलेले असतात.

हे होईपर्यंत मी मॅनेजरसाहेबांकडे अर्ज केला आहे की, आधुनिक पद्धतीप्रमाणे महिना अठ्ठावीस दिवसांचा धरून मला वर्षाला तेरा पगार मिळावेत. साहेबांनी त्यावर शेरा मारला, "अर्जदाराचं गणित तपासावं." सौ.चा हात असावा असा मला संशय आहे.

दसऱ्याच्या आधी तो गाडीवान पुन्हा आला होता. नवा नंबर नीट चालतो का, असं मी विचारलं.

"चालतोय की. औंदा दुकानदारानं समद्या हंगामाचं एकदम मारून दिलं. उचलीतनं."

मी कॅल्क्युलेटर बाजूला सारला आणि मनातच भागाकार केला. गाडी अजून गावातच उभी होती, कोयत्याला धार लावायची होती, आणि त्याच्या वाट्याचा तीनेक टन ऊस फोन कंपनीनं आधीच तोडून नेला होता.