त्रिकोण काय सांगत नाही

घोलवडच्या चिकूवाडीत काय, तलासरीच्या भाजीमळ्यात काय, कीटकनाशकाच्या बाटलीवर रंगीत त्रिकोण असतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. पण हा रंग ठरतो तो किती मात्रेने प्राणी तडकाफडकी मरतो यावरून. वर्षानुवर्षे फवारणाऱ्याला कर्करोग होईल का, याचा त्यात हिशेबच नाही!

मॅलेथिऑनचा त्रिकोण निळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये त्याला ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवले. केंद्राने २०२० मध्ये २७ कीटकनाशकांच्या बंदीचा मसुदा काढला, त्यात ते होते. २०२३ च्या आदेशाने त्यावर पूर्ण बंदी घातली नाही. बंदीचा वाद दिल्लीत चालू दे. फवारणाऱ्याला संरक्षक कपडे हवेत, हे १९७१ च्या नियमांतच आहे. कृषी खात्याने ते वाड्यांवर जाऊन तपासावे आणि बाटलीवर कर्करोगाचा इशारा ठळक मराठीत छापायला लावावा.