काटकसर कोणाच्या ताटांतली?

श्रीगोंदा तालुक्यांत घरचा जमाखर्च मांडूं पाहणाऱ्या गृहस्थाची अडचण अशी आहे कीं, खर्चाची बाजू त्याला तोंडपाठ असते आणि जमेची बाजू प्रत्यक्ष ब्रह्मदेवालाही सांगतां येत नाहीं. येथील कागदी लिंबू उन्हाळ्यांत तोऱ्यानें विकलें जातें आणि पावसाळा लागतांच तोडणीची मजुरीही सुटेनाशी होते. कांद्याचें तर विचारूंच नये. 8 डिसेंबर 2023 पासून केंद्र सरकारनें निर्यात बंद केली ती 4 मे 2024 पर्यंत उठली नाहीं; तेवढ्या अवधींत किती घरांचे बेत फिसकटले याची मोजदाद कोणी ठेविली आहे? उसाचे पैसे ऊंस घातल्यापासून 14 दिवसांत द्यावे असा 1966 च्या ऊंस नियंत्रण आदेशाचा दंडक आहे, परंतु दंडक आणि रोकड यांच्यामध्यें किती वाट पाहावी लागते हें ऊंस लावणारास आम्हीं सांगावयास नको. जमेचा भरंवसा नाहीं म्हटल्यावर शेतकऱ्याचें, आणि ज्याचें दुकान शेतकऱ्याच्या उधारीवर चालतें त्या व्यापाऱ्याचेंही, लक्ष खर्चाकडे वळणें साहजिक आहे. काटकसर करा, हा उपदेश मग चोहोंकडून सुरू होतो.

उपदेश वाईट नाहीं. आमची तक्रार त्याच्या अंमलबजावणीविषयीं आहे. तंगी आली म्हणजे पहिली कात्री कोठें लागते हें कोणत्याही मध्यम स्थितीच्या घरांत जाऊन पाहावें. प्रथम दुधाचा रतीब अर्धा होतो. मग डाळ पातळ होते, भाजी एक वेळची होते. पुढें मुलीची शिकवणी सुटते. मुलाची मात्र चालू राहते. घरधनिणीचें कंबरेचें दुखणें पुढच्या बिलावर लोटलें जातें. परंतु चौकांतील चहा, तंबाखूची पुडी, वाढदिवसाचा फ्लेक्स आणि पुढाऱ्याच्या सत्काराची वर्गणी यांस सहसा धक्का लागत नाहीं, कारण तेथें इभ्रतीचा प्रश्न असतो! सन 2019 ते 2021 या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा 54 जणी रक्तक्षयानें ग्रस्त आढळल्या. सर्वांच्या मागून जेवणाऱ्या बाईच्या ताटांतून आणखी काय काढावयाचें राहिलें आहे, हें काटकसरीचे उपदेशक सांगतील काय?

याहूनही दुष्ट अशी एक काटकसर आहे. थोरलीच्या मांडवांतच धाकटीलाही उजवून टाकावी, एका खर्चांत दोन कार्यें उरकतात, असा हिशेब वडीलधारी माणसें मांडतात. आणि धाकटीला नुकतें सोळावें लागलेलें असतें. वरील पाहणींतच 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा जवळजवळ 22 जणींचें लग्न अठरा वर्षें पुरीं होण्यापूर्वीं झालेलें दिसलें. 2006 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानें हा गुन्हा आहे, आणि मांडवाचा खर्च वांचला ही सबब त्या कायद्यांत कोठेंही लिहिलेली नाहीं.

मग कात्री लावावी कोठें? या प्रश्नाच्या उत्तरासाठीं आमच्या तालुक्यास दूर जावें लागत नाहीं. दीडशें वर्षांपूर्वीं त्याची चौकशी याच मुलखांत झालेली आहे. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें 1861 ते 1865 पर्यंत आपल्याकडील कापसास अपूर्व भाव आला, कुणब्याची पत वाढली, सावकार हात सैल सोडून पैसा देऊं लागला. युद्ध संपलें, भाव कोसळले, कर्ज तेवढें राहिलें. 12 मे 1875 रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें दंगा उसळला आणि थोड्याच दिवसांत तो त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यांत शिरून पारनेर, श्रीगोंदा, कर्जत या तालुक्यांत पसरला. जमावाचा रोख बहुतेक ठिकाणीं एकाच वस्तूवर होता: सावकाराच्या पेटींतले कर्जरोखे. ते हातीं आले कीं जाळले जात.

रयत लग्नकार्यांत उधळपट्टी करते म्हणून बुडते, असें त्या काळीं शहाण्यासुरत्यांचें ठाम मत होतें. (आजही आहे.) दंग्यांच्या चौकशीसाठीं नेमलेल्या कमिशनानें मात्र निराळाच अभिप्राय दिला. लग्नाचा खर्च रयतेच्या ऐपतीच्या मानानें जास्त असतो खरा, परंतु तसे प्रसंग क्वचित् येतात. कर्जाचें मूळ त्यांत फारसें सांपडत नाहीं, आणि या कारणास फाजील महत्त्व दिलें गेलें आहे, असा त्याचा आशय होता. पुढें 1879 च्या शेतकरी कर्जनिवारणाच्या कायद्यानें न्यायाधीशास रोख्यावरील आंकड्याच्या मागें जाऊन व्यवहाराचा मुळापासून हिशेब पाहण्याचा अधिकार दिला, यांतच रोग कोठें होता तें दिसून येतें. मुद्दल बेताचें होतें. त्यावर चढत गेलेल्या व्याजानें माणूस बसला.

हें गणित आजही तसेंच आहे. वाचकांनीं कागद घेऊन आमच्याबरोबर मांडून पाहावें. समजा, एका घरानें तीन लाख रुपये शेंकडा तीन रुपये महिना व्याजानें उचलले. दरमहा नऊ हजार रुपये व्याजाचे झाले, वर्षाचे एक लाख आठ हजार; आणि तीन वर्षें हप्ता न चुकवितां भरूनही मुद्दलांतला एक पैसा कमी होत नाहीं. आतां त्याच घरानें पोरांचें अर्धा लिटर दूध बंद केलें. दिवसाला सुमारे तीस रुपये वांचले, महिन्याला नऊशें. म्हणजे एका कर्जाचें व्याज दहा घरांचें दूध पिऊन जातें. असें असतां घरांत चर्चा होते ती दुधाची; व्याजाचा विषय निघाला कीं कर्ता पुरुष उठून ओट्यावर जातो.

मात्र कमिशनाचा अभिप्राय वाचून कोणी बँडवाल्यास विसार देऊं नये. तो अभिप्राय 1875 च्या लग्नांविषयीं होता. त्या लग्नांत प्री-वेडिंगचें छायाचित्रण नव्हतें, ड्रोन नव्हता, डीजे नव्हता, आणि वधूवरांस आशीर्वाद देण्यास आलेल्या प्रत्येक पुढाऱ्याचें तासभर नामसंकीर्तनही नव्हतें. 2025 सालीं सोन्याचा भाव दहा ग्रॅमास एक लाख रुपयांच्या वर गेला, तरी मुलीच्या अंगावर अमुक तोळे घालण्याची बोली तोळ्यांतच होते. भाव दुप्पट झाला म्हणून तोळे निम्मे करावे हें कोणास सुचत नाहीं. हुंडा तर 1961 पासून कायद्यानें बंद आहे, म्हणून त्याला आतां मानपान म्हणतात. जोतीराव फुल्यांनीं 1873 सालीं स्थापिलेल्या सत्यशोधक समाजानें पुरोहितावांचून आणि थोडक्या खर्चांत लग्नें लावून दाखविलीं. जें त्यांना त्या काळीं जमलें तें आज कोणत्या अडचणीमुळें अडलें आहे?

आमचे व्यापारी बंधु येथें कपाळास आठ्या घालतील. लग्नसराई आटली तर कापड कोणी घ्यावें, भांडीं कोणी घ्यावीं, मंडपवाल्यानें काय खावें? शंका रास्त आहे, आणि सर्वांनीं एकदम हात आंखडला तर बाजार बसतो हेंही आम्हांस मान्य आहे. 2020 च्या टाळेबंदींत तें सर्वांनीं पाहिलें. परंतु दुकानदारानें आपली उधारीची वही उघडून पाहावी. ज्या घराचे नऊ हजार रुपये दरमहा व्याजांत जातात, त्या घराची किराण्याची बाकी सर्वांत शेवटीं येते किंवा येतच नाहीं. लग्नांत एकदां दहा साड्या नेणाऱ्या गिऱ्हाइकापेक्षां बारा महिने तेल, गूळ, वह्या आणि खत रोखीनें नेणारें गिऱ्हाईक ज्याला हवें असेल, त्यानें लग्नाच्या उधारीस आपणहून मर्यादा घालावी.

उपायांचा फार विस्तार करण्याचें कारण नाहीं. जमाखर्चाच्या वहींत सर्व कर्जें व्याजाच्या दरासह लिहावीं, ती वही घरांतील स्त्रियांसमोर वाचावी, आणि सर्वांत चढ्या दराचें कर्ज आधीं फेडावें. वेळेवर फेडणारास तीन लाखांपर्यंतचें पीककर्ज बिनव्याजी देण्याची सवलत राज्य सरकारनें 2021 च्या अर्थसंकल्पांत जाहीर केली. मांडवासाठीं त्या कर्जाची मुदत चुकवणारा माणूस सवलतीस स्वतःच मुकतो. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना दिल्या जाणाऱ्या सूक्ष्मकर्जाविषयीं रिझर्व्ह बँकेनें 2022 सालीं नियम केला कीं, सर्व कर्जांचे मिळून हप्ते घरच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापलीकडे जाऊं नयेत. आमच्या मतें निम्म्यापर्यंत पोंचलेलें घर आधींच संकटांत आहे. आणि परवान्यावांचून सावकारी करणें 2014 च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यानें गुन्हा आहे. अशा व्यवहारांत गेलेली जमीन परत मिळविण्याची तरतूदही त्यांत आहे. तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे करावयाची असते. रोखे जाळण्याची गरज आतां उरलेली नाहीं.

राहिला लौकिकाचा प्रश्न. गरीब माणूस चार लोकांकडे पाहून खर्च करतो, आणि ते चार लोक कोण हें साऱ्या तालुक्यास ठाऊक आहे. साखर कारखान्यांचे संचालक, बाजार समितीचे सभासद, मोठे अडते व बागाईतदार यांच्यापैकीं कोणीतरी आपल्या घरचें पुढचें कार्य पन्नास माणसांत, हुंड्यावांचून व कर्जावांचून करावें, आणि त्याची पत्रिका आम्हांस पाठवावी. ती आम्हीं याच जागीं छापूं.