बिबट्या सोडून काहीही!

शुक्रवारी रात्री नऊ वाजता आमच्या ग्रुपवर एक शब्द पडतो. बस, एकच. 'पाहुणा', 'उशीर', 'जत्रा', काहीही. रविवारी रात्री दहापर्यंत प्रत्येकाने त्या शब्दावर एक फोटो बनवून टाकायचा. काढून नाही हं, बनवून! म्हणजे चार-पाच फोटोंमधले तुकडे कापायचे, एकमेकांत बसवायचे आणि जगात कुठेच नसलेलं काहीतरी उभं करायचं. शुद्ध भाषेत याला फोटो-माँटाज म्हणतात. आम्ही 'कापाकापी' म्हणतो.

आम्ही सहा जण. तीन शिरूरचे, तीन दौंडचे. पाच जण पुण्यात नोकरीला चिकटलेले, एक बंगळूरला. (खरं तर चारच चिकटलेत, मी फ्रीलान्सर. पण पुण्यात आहे, एवढं खरं.) जिंकणाऱ्याला बक्षीस काय? पुढचा शब्द निवडायचा मान. त्यावरून जी भांडणं होतात, ती अप्रेझलवरूनही होत नसतील.

नियम मोजके. फोटो आपणच काढलेले हवेत आणि शिरूर किंवा दौंडच्या आसपासचेच. बाहेरून आणायची फक्त एक वस्तू. आणि एआयला सुट्टी! एक वाक्य टाइप केलं की चित्र तयार, ही सोय मस्तच आहे, पण मग रविवारी सकाळी सहाला उठून घोड नदीच्या पुलावर कोण जाणार?

पहिल्या आठवड्याचा शब्द होता 'स्वप्न'. आता शिरूरकरांचं स्वप्न काय असणार? रेल्वे! दौंडला एवढं मोठं जंक्शन आणि आमच्याकडे साधा रूळसुद्धा नाही. दौंडवाले यावरून आयुष्यभर टोमणे मारत आलेत. मी दौंडचा एक नंबर प्लॅटफॉर्म उचलून शिरूरच्या बाजारपेठेत ठेवला, वर पिवळी पाटी लावली, 'घोडनदी जंक्शन'. भाजीवाल्या मावशी रुळांच्या मधोमध बसलेल्या. दौंडच्या मित्राने उत्तर म्हणून शिरूरच्या पुलाखालून एक कागदी होडी सोडली. होडीत अख्खी पॅसेंजर गाडी! घोडचं पाणी पुढे भीमेला मिळतं आणि भीमा दौंडवरून जाते. म्हणजे शिरूरची गाडी दौंडला पोचायची एवढीच एक सोय आहे, असा त्याचा सॉल्लिड पॉइंट होता. जिंकला तोच.

'परका' या शब्दाला एकीने निघोजच्या कुकडी नदीतले रांजणखळगे घेतले. नदीच्या अलीकडे शिरूर तालुक्यातलं टाकळी हाजी, पलीकडे निघोज. त्या दगडी खड्ड्यांत तिने नासाचा चांद्रवीर उतरवला (अपोलोचे फोटो नासाने सगळ्यांसाठी खुले ठेवलेत) आणि त्याच्या हातात उसाच्या रसाचा ग्लास दिला. दुसऱ्याने इनामगावचा रांजण आणला. घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ उत्खनन केलं, त्यात तीन हजार वर्षांपूर्वीचा चार पायांचा मातीचा रांजण सापडला. माणसाला पुरण्यासाठी वापरलेला. तो याच्या फोटोत चार पायांवर चालत न्हावरे फाट्यावर एसटीची वाट बघत उभा. मला हसू येईना. तीन हजार वर्षं गावातच असलेल्याला परका ठरवलं होतं त्याने.

तुम्ही म्हणाल, हे फोटोशॉप वगैरे आपल्याला कुठे जमतंय? अहो, अख्खा महाराष्ट्र माँटाजमध्येच तर राहतो! चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स आठवा. मध्ये गॉगल लावलेले दादा, कानाला मोबाइल, मागे डरकाळी फोडणारा वाघ आणि खाली शुभेच्छुकांची पासपोर्ट साइज मुंडकी. आमच्यातला एक जण कॉलेजच्या सुट्ट्यांत फ्लेक्सच्या दुकानात बसायचा. त्याचा फंडा सोपा आहे. केस कापायला सगळ्यात अवघड, म्हणून दादांना टोपी किंवा फेटा सुचवायचा! आणि दुसरा फंडा, माणूस कुठेही चिकटव, पण सावली बघ. वाघावर उजेड डावीकडून आणि दादांवर उजवीकडून पडला, की बघणाऱ्याला नेमकं काय बिघडलंय ते सांगता येत नाही, पण डोळ्याला खटकतं.

हे वेड नवीनही नाही. ऑस्कर रेलँडरने इंग्लंडमध्ये १८५७ साली तीसहून जास्त निगेटिव्ह जोडून एकच भलंमोठं चित्र छापलं होतं. कॉम्प्युटर सोडा, तेव्हा घरात विजेचा दिवाही नव्हता. आपले दादासाहेब फाळके सिनेमाच्या आधी फोटोग्राफर होते आणि जादूचे प्रयोगही करायचे. 'लंकादहन'मध्ये १९१७ साली त्यांनी अण्णा साळुंके यांनाच राम केलं आणि सीताही. फोटोशॉप बाजारात आलं १९९० मध्ये, आणि ज्यामुळे आमच्यासारख्यांचं खरं फावलं ते लेअर्स १९९४ मध्ये. पारदर्शक कागद एकावर एक ठेवल्यासारखं हे काम. चुकलं तर वरचा कागद काढायचा, खालचा शाबूत. आज हेच सगळं फोनवर फुकट होतं.

पण चुकलेला प्रत्येक कागद काढता येत नाही.

झालं असं, की २०२४ च्या ऊसतोडणीच्या सीझनमध्ये शब्द होता 'शेजारी'. मी मामाच्या शेताचा बांध घेतला, संध्याकाळचा. प्राणिसंग्रहालयात काढलेला बिबट्या घेतला. उजेड जुळवला, पायाखालचं गवत एकेक पातं करून पुढे आणलं, मोबाइलच्या फोटोला असतो तसा दाणाही टाकला. दोन रात्री घालवल्या. इतकं भारी जमलं होतं, की ग्रुपवर टाकल्यावर दोन मिनिटं कुणी काही बोललंच नाही. मी हवेत!

कुणीतरी कौतुकाने तो फोटो भावाला पाठवला, भावाने आणखी कुणाला. मंगळवारी रात्री मामीचा फोन. "अगं, फोटो बघितलास का? आपल्याच बांधावर आलाय. मामा दारं धरायला गेलेत, फोन उचलत नाहीत." आणि तिने मला माझाच फोटो पाठवला.

शेतीची वीज रात्रीची असली, की उसाला पाणीही रात्रीच द्यावं लागतं, हे तुम्हाला माहीत असेल. मलाही माहीत होतं. त्या रात्री वस्तीवरची सात-आठ माणसं काठ्या आणि बॅटऱ्या घेऊन मामाला शोधायला निघाली. एक जण अंधारात मोटरसायकलवरून पडला, मनगट मोडलं. सकाळी वनखात्याची गाडी येऊन ठसे बघून गेली. दोन दिवस पोरं शाळेत गेली नाहीत. मी रात्रीच फोन करून सांगितलं होतं की तो फोटो मी बनवलाय. पण खुलाशाला कोण फॉरवर्ड करतो? मामा मला फक्त एवढंच म्हणाला, "तुला यावं लागत नाही ना गं रात्रीचं उसात."

पुढे २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिंपरखेड-जांबूत भागात महिन्याभराच्या आत बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जीव गेले. त्यातली दोन लहान मुलं. आणि त्याच दिवसांत एआयने बनवलेले बिबटे लोकांच्या मोबाइलवर फिरत होते. टाइमपास म्हणून. माझ्याकडे कुणाला नावं ठेवायला तोंड नव्हतं.

तेव्हापासून आमच्याकडे दोन नियम वाढलेत. बिबट्या सोडून काहीही. आणि फोटो खोटा आहे हे शेंबड्या पोरालाही पहिल्या नजरेत कळलं पाहिजे. मनगटाच्या प्लॅस्टरचा खर्च मी दिला. तो माणूस अजून भेटला की हसतो आणि विचारतो, "आज काय सोडलंय शिवारात?"

दुसरा नियम मात्र मागच्या दिवाळीत मोडावा लागला.

दौंडच्या मित्राची आजी. आजोबा रेल्वेत होते, जाऊन पंचवीसेक वर्षं झाली. दोघांचा एकत्र फोटोच नाही. लग्नात काढला नाही आणि पुढे राहून गेला. आजीला कळलं, की नातू माणसं उचलून कुठेही ठेवतो. "मग आमच्या ह्यांना ठेव की माझ्याशेजारी," म्हणाली. त्या शुक्रवारी ग्रुपवर शब्द पडला, 'जोडी'.

आजोबांचा फोटो एकच, ऑफिसच्या ओळखपत्रासाठी स्टुडिओत काढलेला, ब्लॅक अँड व्हाइट, कमरेपर्यंत. उजेड डावीकडून. आजीचा ओसरीतला फोटो संध्याकाळचा, उजेड उजवीकडून. आम्ही सराईत, आजोबांना सरळ आरशातल्यासारखं उलटं केलं. प्रश्न मिटला! आजीने फोन डोळ्यांजवळ धरला आणि लगेच म्हणाली, "भांग उलटा पाडलाय." सहा जणांत हे एकालाही दिसलं नव्हतं.

मग आजोबांना सुलटं केलं आणि आजीला दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच ओसरीत बसवलं. सकाळचं ऊन तिच्यावर डावीकडून आलं. रंग काढून टाकले, आजोबांना धोतर मित्राच्या वडिलांचं दिलं, दोघांचे खांदे एका रेषेत आणले, अगदी चिकटून. सावल्यासुद्धा एकमेकींत मिसळलेल्या. रात्री दोन वाजता पूर्ण झालं. ग्रुपवर या वेळी कुणी मार्क दिले नाहीत.

आजीने बराच वेळ बघितलं. पदराने स्क्रीन पुसली, त्यामुळे फोटो सरकून आमचा चांद्रवीर आला, तो परत मागे घ्यावा लागला.

"चांगलं झालंय," ती म्हणाली. "पण चारचौघांत हे इतके जवळ कधी उभे राहिले नाहीत बाबा. थोडं सरकव त्यांना."

मित्राने आजोबांना हातभर डावीकडे सरकवलं.

"अजून थोडं. हां. बस."